किन्नौर-स्पिती गाडीने: शिमल्याकडून चढा, मनालीकडे उतरा

नकाशा उघडला की हिमाचलमधल्या स्पितीचं मुख्य गाव असलेल्या काझाला जायचा जवळचा रस्ता मनालीवरून दिसतो. मनाली ते काझा सुमारे दोनशे किलोमीटर. शिमल्याकडून, किन्नौर जिल्ह्यातून गेलं तर शिमला ते काझा हेच अंतर चारशेच्या पुढे जातं. सुट्टी मोजून मिळालेली असते, म्हणून पुण्या-मुंबईकडचे बरेच जण मनालीचा रस्ता धरतात. पहाटे मनाली सोडायची, कुंझुम खिंड ओलांडायची आणि रात्री काझात जेवायचं. पण त्या रात्री जेवण कुणालाच जात नाही. डोकं ठणकतं, मळमळतं, झोप लागत नाही आणि पुढचे दोन दिवस घरातलं कुणीतरी खोलीत पडून असतं.

कारण सरळ आहे. मनाली साधारण २,०५० मीटरवर आहे, कुंझुम ४,५५१ मीटरवर आणि काझा ३,७०० मीटरच्या आसपास. आपण दख्खनचे लोक. आपलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर. एका दिवसात एवढी चढाई गाडीला जमते, शरीराला जमत नाही. म्हणून या प्रवासाची आखणी किलोमीटर मोजून करू नका. रोज रात्री किती उंचीवर झोपणार आहात ते आधी कागदावर मांडा आणि बाकी सगळं त्यावरून ठरवा.

नियम एवढाच की तीन हजार मीटरच्या वर गेलात की आदल्या रात्रीपेक्षा पाचशे मीटरहून फार उंच झोपायचं नाही. दिवसा कितीही वर जाऊन या, झोपायला खाली या. शिमल्याकडून गेलं की हा नियम जवळजवळ आपोआप पाळला जातो, आणि वाटेत सतलजची ती प्रचंड घळई बघायला मिळते, जी मनालीकडून काझाला जाऊन तसंच परतणाऱ्यांना दिसतच नाही.

कधी निघायचं

महाराष्ट्रातल्या घरांना सुट्ट्या मिळतात त्या मे महिन्यात आणि दिवाळीत. या प्रवासाला दोन्ही थोड्या अडचणीच्या आहेत. मे महिन्यात शिमला-किन्नौर-काझा रस्ता चालू असतो, पण कुंझुमवरचा बर्फ बहुधा हटलेला नसतो. खिंड साधारण जूनमध्ये उघडते. म्हणजे मे महिन्यात जायचं तर शिमल्याकडून जाऊन शिमल्याकडूनच परत, असं धरून चाला. मुलांच्या शाळेमुळे दुसरा पर्याय नसेल तर खुशाल जा, किन्नौर तेव्हाही सुंदर असतो, फक्त कुंझुमपलीकडच्या चंद्रताल तलावाचं स्वप्न सोबत नेऊ नका. दिवाळी उशिरा आली तर काझात रात्री पारा शून्याच्या खाली जातो, नळ गोठायला लागतात आणि कुंझुम कोणत्याही दिवशी बंद होऊ शकतो.

पूर्ण फेरी करायची तर दोन काळ चांगले. जूनच्या मध्यापासून जुलैच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, आणि सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. माझी पसंती दुसऱ्याला. अनंत चतुर्दशीला गणपती पोचवले की निघावं. पाऊस ओसरलेला असतो, नाल्यांचं पाणी उतरलेलं असतं, किन्नौरच्या बागांत सफरचंदं लगडलेली असतात आणि हवा इतकी स्वच्छ असते की पलीकडच्या डोंगरावरची प्रत्येक घडी दिसते.

जुलैचा उत्तरार्ध आणि ऑगस्ट मात्र टाळाच. स्पिती पर्जन्यछायेत आहे, तिथे पाऊस फारसा नसतो, हे खरं आहे. पण तिथे पोचायला किन्नौरमधून जावं लागतं आणि किन्नौरचे कडे पावसात सुटतात. ११ ऑगस्ट २०२१ रोजी निगुलसरीजवळ याच महामार्गावर दरड कोसळून एसटीसारखीच सरकारी बस आणि इतर गाड्या तिच्याखाली सापडल्या, २८ माणसं गेली. जुलै २०२३ मध्ये अवेळी बर्फ पडून चंद्रतालला अडीचशेहून अधिक पर्यटक अडकले होते. हे घाबरवण्यासाठी सांगत नाही. स्वस्त खोल्या आणि रिकामे रस्ते यांच्या मोहात पडून कुणी ऑगस्ट निवडू नये, एवढ्यासाठी सांगतो आहे.

गाडी आणि चालवणारा

पुण्याहून स्वतःची गाडी घेऊन जायचं तर चंदीगडपर्यंतच सोळाशे-सतराशे किलोमीटर होतात. जायला तीन दिवस, यायला तीन दिवस. हाताशी तीन आठवडे नसतील तर चंदीगडपर्यंत विमानाने किंवा रेल्वेने जा आणि तिथून गाडी भाड्याने घ्या. भाड्याच्या गाडीचा करार करताना ‘स्पिती’ आणि ‘काझा’ हे शब्द उच्चारून विचारा, कारण काही जण हिमाचलसाठी गाडी देतात पण काझा-मनाली पट्ट्यात बिघाड झाला तर जबाबदारी घेत नाहीत. जे ठरेल ते लेखी घ्या.

काझापर्यंत शिमल्याकडून साधी हॅचबॅकही जाते. चार चाकांना ताकद देणारी गाडीच हवी असं नाही. मात्र काझाहून मनालीकडे उतरताना दगडगोट्यांतून आणि वाहत्या पाण्यातून जावं लागतं, तिथे गाडीचं पोट जमिनीपासून चांगलं उंच हवं. निघण्यापूर्वी ब्रेक पॅड, क्लच, बॅटरी, कूलंट आणि पाचही टायर तपासून घ्या. पाचवा म्हणजे स्टेपनी, आणि बहुतेकांची तीच हवा नसलेली निघते. ट्यूबलेस पंक्चरचा संच, हवेचा छोटा पंप, जॅक, टो करायचा दोर आणि जंपर केबल बरोबर ठेवा आणि घरासमोर एकदा स्वतःच्या हाताने टायर बदलून पाहा.

वरंधा किंवा आंबेनळी घाट चालवलेल्या माणसाला वळणांची भीती नसते. इथला फरक वेगळा आहे. आपला घाट तासाभरात संपतो, हा दिवसचे दिवस संपत नाही. त्यामुळे सरासरी वेग ताशी पंचवीस धरा. दीडशे किलोमीटर म्हणजे अख्खा दिवस. उतारावर ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा, ब्रेकवर पाय ठेवून उतरलात तर ब्रेक तापून निकामी होतात. अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्यायचं. आणि अंधारात गाडी चालवायची नाही, या नियमाला अपवाद नाही. रोज सहाला निघा, चारच्या आत मुक्कामी पोचा. दुपारनंतर वारा सुटतो, वाऱ्याने वरचे दगड सुटतात आणि बर्फ वितळल्याने नाले फुगतात. सकाळी यातलं काहीच नसतं.

चालवणारे दोघे असतील तर उत्तम. एकच असेल तर एक दिवस आड विश्रांतीचा मुक्काम ठेवा किंवा स्थानिक चालकासह गाडी घ्या.

मुक्काम दर मुक्काम

पहिल्या दिवशी चंदीगडहून शिमल्यात न थांबता थेट नारकंडा गाठा. अंतर सुमारे १७५ किलोमीटर, उंची २,७०० मीटर. शिमल्यातली गर्दी आणि पार्किंग यांत अर्धा दिवस घालवण्यापेक्षा नारकंड्याच्या देवदारांत संध्याकाळ काढणं कधीही चांगलं.

दुसऱ्या दिवशी रस्ता झरझर खाली उतरून सतलजच्या काठाला येतो. रामपूर बुशहरला एक हजार मीटरच्या आसपास आलेले असता, चक्क उकडतं. इथे चांगला बाजार आहे, राहिलेली औषधं-सामान घेऊन टाका. पुढे ज्युरीहून उजवीकडे चढून सराहनला मुक्काम. भीमाकाली मंदिराची लाकूड आणि दगड यांचे थर घालून उभी केलेली बांधणी पाहायला संध्याकाळ राखून ठेवा. भूकंपाच्या प्रदेशात हे थर एकमेकांवर किंचित सरकतात आणि भिंत कोसळत नाही. शेकडो वर्षांचा अनुभव त्या भिंतींत आहे.

सराहनपासून पुढे खरी घळई सुरू होते. तरांडा ढांकजवळ रस्ता उभ्या कड्यात कोरलेला आहे. डोक्यावर खडकाचं छत आणि शेजारी खोल खाली सतलज. इथल्या देवीच्या देवळापाशी चालक गाडी थांबवतात, तुम्हीही थांबा. सतलज तिबेटात राक्षसतालाकडून येते आणि हिमालयाची मुख्य रांग आरपार कापते. पर्वत उचलला जात होता आणि नदी आपली जागा न सोडता कापत राहिली, म्हणून एवढी खोल चीर पडली. खिडकीतून नुसतं ‘वा’ म्हणण्यापेक्षा मुलांना हे सांगा, ती कड्यातले थर शोधायला लागतात.

करछमहून उजवीकडे बास्पा नदीच्या खोऱ्यात वळा आणि सांगलाला दोन रात्री काढा. उंची २,७०० मीटर. मधल्या दिवशी छितकुल पाहून या. ते ३,४५० मीटरवर आहे. तिथे मुक्काम करण्याचा मोह होईल, गाव तसंच आहे. पण या टप्प्यावर दिवसा वर जाऊन रात्री खाली झोपणं शरीराला जास्त उपयोगी पडतं. छितकुलला राजमा-भात खा, नदीकाठाने तासभर चाला आणि परत या.

पाचव्या दिवशी कल्पा. अंतर जेमतेम पन्नास किलोमीटर, उंची २,९६० मीटर. समोर ६,०५० मीटरचा किन्नर कैलास. पहाटे साडेपाचला उठून गच्चीत जा, कारण नंतर ढग येतात. रेकाँग पिओच्या बाजारात चिलगोजे मिळतात, किन्नौरची खासियत. महाग आहेत, पण ताजे असतील तर घ्याच.

सहावा दिवस सगळ्यांत लांब आणि माझ्या मते सगळ्यांत देखणा. कल्पा ते ताबो, सुमारे १६५ किलोमीटर. इथे बहुतेक लोक नाकोला मुक्काम करतात. मी करू नका म्हणेन. नाको ३,६६० मीटरवर आहे, म्हणजे कल्पापेक्षा एका रात्रीत सातशे मीटर वर. ताबो आहे ३,२८० वर. नाकोला जेवा, तळ्याभोवती फिरा आणि ताबोला उतरून झोपा. दुसऱ्या दिवशी डोकं हलकं असेल.

पिओहून खाली पोवारीला उतरलात की टाकी काठोकाठ भरा. यापुढे पेट्रोलचा भरवशाचा पंप थेट काझाला. पूहच्या पुढे झाडं संपतात. खाबला स्पिती नदी सतलजला मिळते, दोन्ही नद्या उभ्या खडकांमध्ये चेपलेल्या. तिथून रस्ता नागमोडी वळणांनी नाकोकडे चढतो. नाकोपुढचा मलिंग नाला जुना त्रासदायक पट्टा आहे, तो दुपारच्या आत ओलांडा. सुमदोला तपासणी नाका लागतो, ओळखपत्रं वरच ठेवा. वेळ हातात असेल तर ग्यू गावाकडे वळून तिथली बौद्ध भिक्षूची ममी पाहता येते. उशीर झाला असेल तर सोडून द्या, ताबोला उजेडात पोचणं जास्त महत्त्वाचं.

ताबोचा मठ इसवी सन ९९६ मधला. बाहेरून मातीचा साधा ढिगारा वाटतो. आत भिंतभर हजार वर्षांपूर्वीची चित्रं आणि मातीच्या मूर्ती. आत फोटो काढू देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. डोळे अंधाराला सरावेपर्यंत दहा मिनिटं नुसतं उभं राहा. टॉर्च मागून घ्या. घाईघाईने ‘मठ बघितला’ अशी खूण करून निघणाऱ्यांची मला खरंच हळहळ वाटते.

ताबो ते काझा पन्नासहून कमी किलोमीटर. वाटेत धनकरला चढा. स्पिती आणि पिन नद्यांच्या संगमावर, झिजलेल्या मातीच्या सुळक्यांवर तो जुना मठ उभा आहे. आता घळईचं रूप पालटलेलं दिसेल. किन्नौरमध्ये कठीण खडकात अरुंद चीर होती, इथे रुंद पात्रात नदी अनेक धारांनी वाहते आणि कडे मऊ गाळाचे आहेत.

काझाला चार रात्री ठेवा. एक दिवस ‘की’ गावचा मठ, किब्बर आणि चिचम पुलासाठी. चिचमचा पूल २०१७ मध्ये खुला झाला. त्याआधी गावकरी ती भयंकर खोल घळ दोरावरच्या पाळण्यात बसून ओलांडत. पुलाच्या मध्यावर उभं राहून खाली पाहिलं की त्या पाळण्याचा अर्थ कळतो. दुसरा दिवस लांगझा, हिक्किम आणि कोमिकसाठी. हिक्किमच्या टपाल कार्यालयातून घरी पत्र टाका. लांगझाच्या आसपास टेथिस समुद्रातले, म्हणजे हिमालयाच्या जागी पूर्वी असलेल्या समुद्रातले, शंखाकृती जीवाश्म सापडतात, मुलं ते विकायला आणतात. घेऊ नका, उचलूही नका. त्यांची विक्री बेकायदा आहे.

उरलेला दिवस मोकळा ठेवा. हा दिवस रस्ता बंद पडला, कुणाचं पोट बिघडलं, टायर गेला, यासाठी असतो. तो आखणीतून कापलात तर पहिल्याच दरडीला परतीचं विमान चुकतं.

अंगाची काळजी

उंचीचा त्रास वयावर किंवा व्यायामावर ठरत नाही. रोज सिंहगड चढणाऱ्यालाही होतो. डोकेदुखी, मळमळ, भूक जाणं ही पहिली लक्षणं. ती दिसली की वर जायचं थांबायचं, पाणी प्यायचं, विश्रांती घ्यायची. चालताना झोक जाणं, बोलणं असंबद्ध होणं, बसल्या जागी धाप लागणं, खोकल्यातून फेस येणं, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. काझाच्या सरकारी रुग्णालयात प्राणवायू मिळतो. डॉक्टरांनी सांगितलं तर त्याच रात्री ताबोच्या दिशेने खाली न्या. अंधारात गाडी न चालवण्याच्या नियमाला मी अपवाद नाही म्हटलं होतं. जीव वाचवायचा असेल तर आहे, आणि तेव्हाही गाडी स्थानिक चालकाच्या हाती द्या.

उंचीच्या त्रासावरचं डायमॉक्स हे औषध घ्यायचं की नाही हे निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारा. सल्फाच्या औषधांची अ‍ॅलर्जी असलेल्यांना ते चालेलच असं नाही. झोपेच्या गोळ्या आणि दारू दोन्ही टाळा. आई-बाबा बरोबर असतील आणि रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना काझाची उंची आकड्यात सांगा, ‘हिमाचलला जातोय’ एवढंच सांगू नका. डॉक्टरांनी नको म्हटलं तर सांगला-कल्पापर्यंतचा प्रवासही भरगच्च होतो.

कागद, पैसे, फोन

भारतीय नागरिकांना या रस्त्यावर परवाना लागत नाही. अमेरिका-युरोपातून आलेली भावंडं परदेशी पासपोर्टवर असतील तर मात्र किन्नौरच्या वरच्या भागासाठी परवाना काढावा लागतो. तो शिमल्यात किंवा रेकाँग पिओला मिळतो, आणि शनिवार-रविवार कार्यालय बंद असेल हे धरून दिवस आखा. ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं ते) असलं तरी चौकशी केल्याशिवाय निघू नका.

लडाखसारखं इथे नाही, आपलं प्रीपेड सिम हिमाचलमध्ये चालतं. तरी मोठ्या गावांबाहेर रेंज येते-जाते, म्हणून गटात एक बीएसएनएल असावं. नकाशे आधीच उतरवून ठेवा. काझात एटीएम आहे, पण चालू असेलच असं नाही. रामपूर किंवा पिओला रोख काढून घ्या.

रस्त्याची खरी बातमी फोनवर मिळत नाही. मुक्कामी पोचलात की घरमालकाला आणि दुसऱ्या दिवशीच्या सरकारी बसच्या चालकाला विचारा. कुठे सुरुंगाचं काम चालू आहे, किती ते किती रस्ता अडवतात, नाला कसा आहे, हे त्यांनाच ठाऊक असतं.

काझा ते मनाली

हा टप्पा सगळ्यांत खडतर, म्हणून शेवटी. एव्हाना शरीर सरावलेलं असतं. काझाला टाकी पुन्हा भरा आणि पहाटे निघा. लोसरला नोंद करून नाश्ता उरका. लोसरपासून ग्रांफूपर्यंत फोन बंदच समजा, घरी तसं कळवून ठेवा. कुंझुमवर गाड्या देवीच्या देवळाला प्रदक्षिणा घालून पुढे जातात.

खिंड उतरताना चंद्रतालचा फाटा लागतो. तंबू तलावाच्या काठावर लावू देत नाहीत, काही किलोमीटर अलीकडे असतात. मुक्काम ४,२५० मीटरच्या आसपास, रात्र कडाक्याची आणि दवाखाना जवळपास नाही. काझाच्या मुक्कामात ज्याचं डोकं एकदाही दुखलं नाही त्यानेच इथे राहावं. लहान मुलं किंवा ज्येष्ठ बरोबर असतील तर मी तलाव सोडून थेट सिस्सूला, ३,१०० मीटरवर, मुक्काम करायचा सल्ला देईन.

बातल ते ग्रांफू या पट्ट्यात पाणी ओलांडताना आधी एकाने उतरून खोली पाहा, पुढची गाडी पूर्ण बाहेर पडू द्या, मग पहिल्या गिअरमध्ये एकसारख्या गतीने जा. मध्ये क्लच दाबू नका, गिअर बदलू नका. पाणी गुडघ्याच्या वर असेल तर थांबा. दुपारी फुगलेला नाला दुसऱ्या दिवशी सकाळी उतरलेला असतो, आणि बातलच्या ढाब्यावर रात्र काढणं अगदी शक्य आहे. नाल्यातून बाहेर पडलात की हळू चालवत दोन-चार वेळा ब्रेक दाबून ते कोरडे करा.

ग्रांफूहून कोकसरकडे उतरा. ऑक्टोबर २०२० मध्ये खुल्या झालेल्या ९.०२ किलोमीटरच्या अटल बोगद्यामुळे आता रोहतांग चढावा लागत नाही, त्याचा परवानाही लागत नाही. मनालीत एक पूर्ण दिवस थांबा आणि गाडी गॅरेजात दाखवा. खालची बाजू, सस्पेन्शन, ब्रेक आणि चाकांचे नट तपासून झाल्याशिवाय चंदीगडच्या चौपदरी रस्त्यावर वेग घेऊ नका.